अक्षराच्या आधी शब्द

पेंटर भिंतीसमोर उभा राहिला की आधी दोरा ताणतो. खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना धरायचा, मधोमध चिमटीत पकडून ओढायचा आणि सोडायचा. भिंतीवर पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेषा. शाळेत आपण उलटं शिकलो, आधी अक्षरं आणि मग वरून रेघ. भिंतीवर तसं करून चालत नाही, कारण देवनागरीचं अक्षर जमिनीवर उभं नसतं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं ते वरून लोंबतं.

कोरेगावच्या अलीकडे एका मळ्याच्या कुंपणावर असं काम चाललेलं मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं. लिहायचं होतं एवढंच : ऊस रोपे मिळतील. पेंटरने ब्रश हातात घेण्याआधी ते तीन शब्द दोन-तीनदा पुटपुटले. मग ‘ऊस’ एवढा मोठा घेतला की उरलेले दोन शब्द त्याच्या कडेला अंग चोरून बसले. विचारलं तर म्हणाला, “गाडीवरनं जाणाऱ्याला एकच शब्द वाचाय मिळतो. मग तो ऊसच पायजे की.”

देवनागरी अक्षरकलेच्या आजच्या स्थितीविषयी लिहायला बसलो की मला हे पुटपुटणं आठवतं. या कलेत ज्यांनी खरोखर काही केलं, त्यांची प्रेरणा अक्षराच्या वळणात नव्हती, शब्दात होती. अक्षर काढण्याआधी त्यांनी शब्द कानाने ऐकला. आज आपल्याकडे फॉन्ट भरपूर आहेत, सुलेखनाचे वर्ग आहेत, प्रदर्शनं आहेत, पद्म पुरस्कारही आहे. ऐकणं मात्र कमी झालं आहे.

या कलेच्या मुळाशी कारागीर आहेत. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री काढली आणि पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथल्या छपाईच्या खिळ्यांचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर कोरले. संस्कृत ग्रंथांची निर्णयसागर प्रत हातात घेतली की आजही डोळा निवतो. जोडाक्षर एकावर एक चढतं, तरी गर्दी वाटत नाही. आरूंनी ही अक्षरं उलटी कोरली होती, आरशात दिसावीत तशी, आणि हाताच्या बोटाएवढ्या पोलादी कांबीच्या टोकावर. पुढे देवनागरीचे शेकडो खिळे कमी कसे करता येतील यासाठी लोकमान्य टिळकांनीही बरीच खटपट केली. जुळाऱ्याच्या खिळ्यांच्या पेटीतल्या घरांची संख्या हा तेव्हा राष्ट्रीय प्रश्न होता.

पण माझ्या पिढीला अक्षर दिसू लागलं ते वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींतून, आणि ते दाखवलं कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०). कलाशाळेचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात कामाला लागला आणि त्याने मराठी रंगभूमीला चेहरा दिला. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ अशी कितीतरी नावं त्यांच्या हातून उतरली. हे काम कशात बसवायचं होतं ते लक्षात घ्यायला हवं. एका स्तंभाची जागा, उंची बोटभर, रंग एकच काळा, आणि कागद असा खरबरीत की शाई पसरून बारीक पोकळ्या बुजून जाणार. शेजारी दहा नाटकांच्या तशाच जाहिराती. त्या गर्दीत नाव नुसतं वाचता येऊन भागत नव्हतं. नाटक कौटुंबिक की ऐतिहासिक, हसवणारं की हादरवणारं, हे सगळं पान उलटायच्या आत कळायला हवं.

शेडग्यांनी ते कसं साधलं? मी त्यांची कात्रणं पुन्हापुन्हा पाहिली आहेत, आणि मला दिसतं ते असं, की ते शब्दातल्या एकाच जागेला हात लावत. कुठे वेलांटी लांबवली, कुठे काना तोडला, कुठे शिरोरेषेलाच बाक दिला. बाकीची अक्षरं शिस्तीत. एका शब्दातलं एकच अक्षर बोलतं, इतर त्याला बोलू देतात. चांगल्या नटाला हे माहीत असतं की वाक्यातल्या एकाच शब्दावर जोर द्यायचा असतो. शेडग्यांनी तो जोर ऐकला होता. म्हणून त्यांची अक्षरं नक्कल करायला सोपी वाटतात आणि नक्कल केली की मरतात.

पुस्तकांच्या बाबतीत हेच काम मुखपृष्ठकारांनी केलं. दीनानाथ दलाल चित्राबरोबर अक्षर स्वतः लिहीत, मौज प्रकाशनाच्या मुखपृष्ठांवर बाळ ठाकूर कुंचल्याने लिहीत. चित्र आणि शीर्षक एकाच हाताचं असे. आज चित्र एकाचं असतं आणि त्यावर शीर्षक संगणकावर बसतं, बहुतेकदा डीटीपी करणाऱ्याच्या फॉन्टच्या यादीतलं जे बरं दिसेल ते. गेल्या पाचेक वर्षांत हातात आलेल्या मराठी कादंबऱ्यांपैकी ज्यांचं शीर्षक त्या कादंबरीसाठीच लिहिलंय असं वाटावं, अशा मला फार थोड्या सापडल्या. प्रकाशक म्हणतात, परवडत नाही. खरं असेल. पण न परवडण्याच्या यादीत अक्षराचा नंबर पहिला का लागतो, हे मला कधीच पटलं नाही.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा प्रवास वेगळा. जाहिरात क्षेत्रातला नावाजलेला माणूस, कवी, पवईच्या आयआयटीत शिक्षक, आणि उतारवयात संगणकाच्या पडद्यावरच्या देवनागरीचा शिल्पकार. त्यांची दृश्यकविता आणि त्यांचा ‘मंगल’ फॉन्ट ही दोन टोकं वाटतात. कवितेत अक्षर पानभर मोकळं सुटलेलं, आणि ‘मंगल’मध्ये त्याला जाडजूड ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर, अगदी लहान आकारात, वाचनीय राहायचं होतं. ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला आणि मग वर्षानुवर्षं सरकारी पत्रं, निविदा, शाळांचे दाखले त्यातच निघत राहिले. त्याला देखणा कुणी म्हणणार नाही. पण ज्या माणसाने अक्षर पानभर उधळलं त्यानेच ते ठिपक्यांच्या जाळीत बसवायचं कंटाळवाणं काम पत्करलं, यात मला या कलेतला सर्वांत मोठा त्याग दिसतो. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी स्वतः टंकलेलं पहिलं मराठी वाक्य जोशींच्या अक्षरात होतं, आणि जोशींचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

जोशींच्या प्रभावातून जे पुढे आले त्यांत अच्युत पालव यांचं नाव सर्वांत ठळक. जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांनी मोडी हस्तलिखितांचा अभ्यास केला. मोडीचा कारकून हात न उचलता लिहायचा, आणि तो वेग पालवांनी देवनागरीत आणला. त्यांच्यामुळे सुलेखन मंचावर आलं, वर्गांत गेलं, घराच्या भिंतीवर टांगलं गेलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अक्षराला मान मिळाला म्हणून मला मनापासून आनंद झाला.

त्यांच्यामागून आलेल्या लाटेविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवं. कोरड्या कुंचल्याचा एक फराटा, टोकाला फाटलेला, वर चार शिंतोडे, हे आता सर्वत्र आहे. ‘आई’ तसंच, ‘पाऊस’ तसाच, ‘शिवराय’ तसेच, निवडणुकीच्या फ्लेक्सवरचं नावही तसंच. मराठी चित्रपटांची शीर्षकं एकामागोमाग एक ठेवून पाहावीत. प्रेमकथा आणि युद्धपट यांत अक्षरांवरून फरक करता येत नाही. पालवांच्या हातात तो फराटा मोडीच्या दप्तरांतून आला होता, त्याला कारण होतं. इथे तो दुकानातून आणल्यासारखा आहे. आई शब्दात किती थोडा आवाज आहे! दोन स्वर, ओठ नुसते उघडतात. त्याला फाडायचं कशाला?

दरम्यान एक शांत काम मुंबईत चाललं आहे, आणि माझ्या मते या कलेची खरी प्रगती तिथे आहे. एक टाइप या संस्थेच्या गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी, नूपुर दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट केले आणि सर्वांना मोफत वापरायला दिले. ‘बलू’ नऊ भारतीय लिप्यांत आहे. ‘मोदक’ मला विशेष आवडतो. सारंग कुलकर्णींच्या हाताने काढलेल्या रेखाटनांतून तो निघाला. अक्षर इतकं फुगवायचं की आतल्या पोकळीची फक्त चीर उरावी, आणि तरी ते वाचता आलं पाहिजे. मोदकाच्या कळ्या जशा दाबत जातो तशी ती चीर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ त्या जाडीत ओळखू येतात, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही इतकं अवघड आहे. या फॉन्टचं नाव पुटपुटून पाहा, मोदक, तोंड भरतं.

तरीही जिथे सर्वांत जास्त गरज आहे ती जागा रिकामीच आहे, असं मला वाटतं. तीनशे पानांची कादंबरी डोळा न थकता वाचता येईल असा, मराठीच्या सवयी जाणणारा मजकुराचा टाइप. मराठीच्या सवयी म्हणजे काय, ते एका अनुभवाने सांगतो. एका पुस्तकाची शेवटची मुद्रितं माझ्याकडे आली, आणि पानभर प्रत्येक ‘ल’ हिंदी वळणाचा, उजवीकडे काना असलेला. दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’ कुठेच नाही. ‘श’चंही तेच. राज्य शासनाने २००९ मध्येच मराठीची रूपं कोणती ते ठरवून दिलं आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगावं लागतं. तिथे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच मुद्रितांत ‘आचाऱ्यास’ असायला हवं तिथे ‘आचार्यास’ होतं. स्वयंपाकी गेला आणि गुरू आले. मी दोन दिवस बसून खुणा केल्या. दुरुस्ती झाली नाही, वेळ नव्हता.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पाट्या बदलल्या. मराठी अक्षर किती मोठं हवं ते ठरलं. ते कसं असावं याची चर्चा झाली नाही. बहुतेक पाट्यांवर इंग्रजी नाव नीट बेतलेलं आहे आणि त्याच्या वर देवनागरी एका ठरावीक फॉन्टमध्ये घाईने चिकटवलेलं आहे. एके काळी हे काम ज्यांनी केलं असतं ते पेंटर फ्लेक्स आल्यावर गवंडीकामाला, रिक्षेवर, शेतीवर गेले. त्यांच्यापैकी किती जणांचा हात अजून चालतो, हे कुणी तरी गावोगाव फिरून पाहायला हवं, आणि लवकर.

मागच्या वर्षी मुंबईत टाइप शिकणाऱ्या एका मुलीचं काम पाहायला मिळालं. मराठी पुस्तकांसाठी मजकुराचा टाइप करायचं तिने मनावर घेतलं आहे. टेबलासमोरच्या भिंतीवर तिने नमुन्याची वाक्यं लावली नव्हती, शब्द लावले होते. हळहळ, कळकळ, वळवळ, तळमळ. हिंदीकरता केलेल्या फॉन्टमध्ये ‘ळ’ पाहुण्यासारखा असतो, म्हणाली, आणि आपल्याकडे तर तो घरातलाच. चार महिने ती त्या एका अक्षरावर होती. मी विचारलं, जमलं हे कसं कळतं? तिने ‘तळमळ’ मोठ्याने म्हटलं, मग पडद्यावर बोट ठेवलं. “बोलताना शेवटचा ळ जिभेवर थांबतो, बघा. माझा अजून पुढे घसरतोय.” आणि तिने त्याची गाठ केसभर मागे घेतली.