परवाना आपला, पत्ता दुसऱ्याचा

नाहूरहून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकडली की पाचवं स्टेशन विद्याविहार. तिथल्या नीलकंठ बिझनेस पार्कमध्ये फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट बनवते: खरेदी, साठा, हिशेब सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त परवान्याचं उदाहरण म्हटलं की आपण थेट लिनक्सकडे धावतो, म्हणून आज मुद्दाम शेजारचंच घेतलंय.

कंपनीने सगळ्याला एकच परवाना लावलेला नाही. पायाचं फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली आहे: घ्या, त्यावर बंदिस्त माल बनवून विका, फक्त मूळ परवान्याची सूचना सोबत ठेवा. ईआरपीनेक्स्ट मात्र जीपीएल ३ खाली. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर त्या बदलांचा सोर्सही त्याला मिळाला पाहिजे. आम्हाला हे पटतं. समजा, भांडुपच्या एखाद्या वर्कशॉपने साठ्याचा हिशेब यात टाकला आणि बसवून देणारा गडी पुढे फोन उचलेनासा झाला. दुसऱ्याला बोलावून काम पुढे चालवता येतं, कुणाची परवानगी लागत नाही.

पण एक फट आहे, मंडळी. बदललेली प्रत स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवून कुणी नुसती सेवा विकली, तर जीपीएलच्या लेखी प्रत दिलीच गेली नाही. सोर्स मागणार कशाच्या जोरावर? ही फट एजीपीएल बुजवतो. फ्रॅपेने सीआरएम आणि हेल्पडेस्कला तोच लावलाय. मग ज्यात लोकांचा धंदा अडकलेला असतो, त्या ईआरपीनेक्स्टलाच फट का राहावी? आमची तक्रार एवढीच.

आता कोड कुठे ठेवलाय? गिटहबवर, जे २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाने आपल्याकडे ३२ संकेतस्थळं बंद करायला लावली, त्या यादीत गिटहबही होतं. गिटमुळे कोडचा पूर्ण इतिहास प्रत्येक क्लोनमध्ये येतो, तेव्हा कोड बुडायची भीती कमी. बुडेल ती चर्चा: ही चूक कुणी दाखवली, तो बदल का नाकारला. ते क्लोनमध्ये येत नाही. गुगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा स्थलांतर म्हणजे काय हे बऱ्याच प्रकल्पांना कळलं.

गिटहब सोडा, असं आम्ही म्हणणार नाही. हात लावणारी माणसं तिथंच आहेत. पण कोडची एक आरसा-प्रत कोडबर्गसारख्या ना-नफा संस्थेकडे ठेवावी आणि इश्यूंची प्रत दर आठवड्याला एपीआयने उतरवून घ्यावी. छोटी स्क्रिप्ट लागते. तुमच्यातल्या कुणाचा प्रकल्प असेल, तर घरी गेल्यावर आजच लावा.