उसना अंक आणि उतरवलेला अंक

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगारवस्त्यांत उसना दिवाळी अंक चार घरे फिरे. पण अंक एकच असे. आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ धाडली की देणाऱ्याचा अंक त्याच्यापाशीच राहतो आणि घरोघर नवी प्रत उपजते. १९५७ चा कायदा खाजगी वापरापुरती सवलत देतो. गटागटांत वाटणे तीत बसत नाही. म्हणून साऱ्या वाचकांना चोर म्हणावे काय? छे! जर्मनीने १९६५ साली घरगुती ध्वनिमुद्रणाला मुभा दिली, आणि यंत्र बनवणाऱ्यांकडून कलावंतांचा वाटा वसूल केला. तसा वाटा मोबाइलच्या किमतीतूनही घ्यावा आणि वाचकाला मोकळे करावे. मोकळीक हवीच, पण लेखकाचे मानधन बुडाले, तर पुढल्या दिवाळीला वाटायला अंकच उरायचा नाही.