निऑस सर्व्हर : निरसन आणि विधान

ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजेच संक्रियात्मक संशोधन, या शास्त्रास आंतरजालाने काय दिले याचा विचार करताना निऑस सर्व्हरचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९६ मध्ये ही सेवा सुरू झाली. आज ती मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातून चालते. अभ्यासकाने आपली समस्या ॲम्पल, गॅम्स यांसारख्या प्रतिमान-भाषेत लिहून पाठवावी व तिचे उत्तर विनामूल्य मिळवावे, अशी ही योजना आहे.

तिचे मोल जाणण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज भागविणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता, हा प्रश्न जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये मांडला. त्यांचा अंदाज वर्षाला ३९.९३ डॉलरचा होता. १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धतीने ३९.६९ डॉलर हे खरे किमान मूल्य काढण्यास ९ गणनिकांना हातयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस खर्ची घालावे लागले. आज तेच गणित क्षणार्धात सुटते. महागड्या संगणक-प्रणाली ज्या महाविद्यालयास परवडत नाहीत, त्याच्या विद्यार्थ्यासही ही सोय उपलब्ध आहे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक शंका उपस्थित करावीशी वाटते. प्रतिमान-भाषा हीही भाषाच होय. तिला व्याकरण आहे, तसा अर्थही आहे. व्याकरणातील चूक सर्व्हरवरील प्रणाली तत्काळ दाखविते, निर्बंध परस्परविरोधी असल्यास तसेही कळविते. अर्थ मात्र तिच्या कक्षेत येत नाही. सिम्प्लेक्स पद्धतीचे जनक जॉर्ज डँटझिग यांनी १९५० नंतरच्या वर्षांत स्वतःच्या आहाराचे गणित मांडले. पोट भरल्याचे समाधान मोजण्यासाठी त्यांनी अन्नाच्या वजनातून पाण्याचा अंश वजा केला. यंत्राने त्यांना दररोज ५०० गॅलन व्हिनेगर सुचविले. कारण कोष्टकात व्हिनेगरमधील पाण्याचा अंश शून्य धरलेला होता. गणन निर्दोष होते, विधान सदोष होते.

व्हिनेगर परिचयाचे असल्याने ही विसंगती लगेच ध्यानात आली. बसगाड्यांच्या वेळापत्रकात किंवा धान्याच्या वाटपात सहस्रावधी चलराशी असतात. तेथील विसंगती अशी उघड दिसत नाही. एखाद्या गावाची गाडी बंद होते आणि निर्णयाच्या कागदावर ‘इष्टतम’ हा शब्द उमटतो.

म्हणून पदव्युत्तर प्रबंधात सर्व्हरचे उत्तर जोडणे पुरेसे मानू नये. प्रत्येक निर्बंध विद्यार्थ्याने प्रथम सुबोध मराठी वाक्यात लिहावा, आणि त्याची आकडेवारी कोठून आली हे सांगावे. जो निर्बंध अशा वाक्यात मांडता येत नाही, तो मांडणाऱ्यालाच पुरता उमगलेला नसतो. मार्गदर्शकांनी परीक्षणास आरंभ करावा तो या वाक्यांपासून. उत्तराचा विचार त्यानंतर.