गायतोंडे यांचा पुसलेला रंग

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालीं नागपुरास झाला. २००१ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन २०१४ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत भरलें. आम्हांस तिकडे जाणें घडलें नाहीं. लाखांदुरास बसून छापील प्रतींवरून लिहीत आहों, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. रंगाची जाडी कागदावर कळत नाहीं.

तरीहि एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोलरनें व सुरीनें लाविलेला रंग गायतोंडे पुन्हां खरडून, टिपून काढीत. मागें उरे तो केवळ माग. रसिक ह्यास ध्यानमग्न शांति म्हणतात. आम्हांस तें मान्य आहे, पण पुरेसें वाटत नाहीं. २०२० सालीं वैनगंगेचा महापूर ओसरल्यावर इकडच्या धानाच्या बांध्यांत गाळाचा थर राहिला. तो पाहून कोणा शेतकऱ्यास शांति वाटली नसेल. काय गेलें, तेंच प्रथम डोळ्यांत भरतें. ह्या चित्रांपुढेंहि आमचें तसेंच झालें.

१९८४ च्या अपघातानंतर कित्येक वर्षें त्यांस मोठें चित्र काढतां आलें नाहीं. परंतु त्या दुःखावरून चित्रांचा अर्थ लावणें उतावीळपणाचें होईल. खरडण्याची ही रीत अपघातापूर्वींच्या चित्रांतहि आहेच.