‘स्पंद’ शब्दाची मर्यादा

शब्दाचें मोल ओळखावयाचें तर त्याच्या अर्थाइतकीच त्याची मर्यादाही पाहावी लागते. ‘स्पंद’ आणि ‘स्पंदन’ हे शब्द अलीकडे आमच्या लेखनांत फार फिरूं लागले आहेत. काव्यसंग्रहांच्या प्रस्तावनांत ‘समाजमनाचीं स्पंदनें’ हटकून भेटतात. हा सुकाळ पाहून आनंद मानावा, तर ज्या गुणामुळें हा शब्द इतरांहून वेगळा ठरतो, तोच या गर्दींत हरवत चालला आहे.

धातुपाठांत ‘स्पंद्’ धातूचा अर्थ नुसतें हलणें असा नसून किंचित् हलणें असा दिला आहे. हें ‘किंचित्’ पदच शब्दाचा प्राण होय. ‘कंप्’ धातूला असें बंधन नाहीं; म्हणून धरणी हादरली म्हणजे भूकंप होतो, भूस्पंद होत नाहीं. भयानें वा हर्षानें अंग कांपूं लागलें म्हणजे तो वेपथु. आठ सात्त्विक भावांत त्यालाच स्थान आहे, कारण तो प्रेक्षकाला दुरूनही दिसतो. नाडीचा स्पंद मात्र बोट ठेवल्यावांचून कळत नाहीं.

याची उत्तम साक्ष ‘निःस्पंद’ हा शब्द देतो. निःस्पंद सरोवर म्हणजे ज्यावर लहानसा तरंगही उठत नाहीं असें सरोवर. स्पंद म्हणजे मोठी खळबळ असें मानलें, तर निःस्पंद म्हणजे खळबळ नसलेलें, एवढेंच उरेल. आणि पूर्ण निश्चलता सांगणारा नेमका शब्द आपण हातचा घालवूं.

काश्मिरी शैवांनीं तर या ‘किंचित्’ पदावर दर्शनाचा भार ठेविला. परमतत्त्व अचल, मग त्याला चलन कसें संभवावें? स्पंदकारिकांवर ‘स्पंदनिर्णय’ लिहिणाऱ्या क्षेमराजाचें म्हणणें असें कीं, तत्त्व जागचें ढळत नाहीं. किंचित् चलनाचा आभास तेवढा होतो, आणि त्या रूपानें प्रतीत होणारी शक्ति तोच स्पंद.

कोणी म्हणेल, अर्थ वाढतच असतात. शब्दांना धातुपाठाच्या खुंटीस कां बांधावें? अर्थ वाढण्यास आमची हरकत नाहीं. शाकुंतलांत आश्रमाशीं येतांच दुष्यंताचा बाहु स्फुरतो, राजसभेंत शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो. आमच्या घरांत त्यालाच ‘डोळा लवला’ म्हणतात. तोच ‘स्फुर्’ मराठींत ‘कविता स्फुरली’ येथवर पोहोंचला. अर्थ शरीरांतून मनांत गेला, परंतु न बोलावतां, आंतल्या आंत घडणें हा त्याचा स्वभाव सुटला नाहीं. याच्या उलट ‘प्रचंड स्पंदनें’ या प्रयोगांत अर्थ वाढत नसून मावळतो.

मोठी खळबळ सांगावयास कंप, हादरा, थरकांप हे शब्द हात जोडून उभे आहेत. बाहेर सर्व स्थिर दिसतें आणि आंत कांहीं तरी हललेलें असतें, त्या क्षणासाठीं स्पंद राखून ठेवावा. सूक्ष्म भाव टिपूं पाहणाऱ्या वाङ्मयाला त्यावांचून गत्यंतर नाहीं.