प्रवास दोघांचा, वर्णन एकाचे

मराठीत युरोपच्या प्रवासवर्णनांस आता तोटा राहिलेला नाही. एके काळी विलायतेस जाऊन आलेला मनुष्य गावात एखादाच असे व त्याचे पुस्तक निघणे हा एक प्रसंगच ठरे. आज नांदेड-लातुराकडील कित्येक कुटुंबांतील मुलेमुली जर्मनी-बेल्जियमकडे नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. सेवानिवृत्त आईबाप त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहून येतात आणि परतल्यावर एखाद्या दिवाळी अंकात अथवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकात आपली हकीकत सांगतात. ह्या लेखनाकडे पाहून नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. तथापि ते वाचून झाल्यावर जी एक अतृप्ती मागे राहते, तिचे मूळ शोधणे अवश्य आहे.

असल्या लेखनाची खरी परीक्षा लहान शहरात आणि हिवाळ्यात होते, असे आम्हांस वाटते. लंडन-पॅरिस लेखकास हवा तितका मजकूर आपण होऊन पुरवितात. पण बेल्जियममधील ब्रुझसारखे गाव डिसेंबरात घ्या. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. आमच्याकडे त्याच दिवसांत चांगले अकरा तास ऊन असते. तेथील घंटाघर 83 मीटर उंच आहे आणि त्याच्या पायऱ्या 366 आहेत. हे घंटाघर, कालवे आणि पूल पाहून झाले की दोन दिवसांत 'पाहण्यासारखे' सारे संपते. मग उरतात ती दोन माणसे, एक खिडकी आणि न संपणारी संध्याकाळ. येथे लेखकाजवळ स्वतःचे काही असेल तरच लेखणी पुढे सरकते. आमच्या बहुतेक लेखकांची ती येथेच अडते, आणि ते लगबगीने पुढल्या शहराची गाडी पकडतात!

वास्तविक हा प्रवासी घरून रिकाम्या हातांनी निघालेला नसतो. ब्रुझचे वैभव समुद्राच्या ज्या फाट्यावर उभे होते तो गाळाने भरत गेला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथला व्यापार अँटवर्पकडे वळला. आता लातुराशेजारचे तेर हे प्राचीन तगर होय. 'पेरिप्लस' ह्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात त्याचा एक मोठी पेठ म्हणून उल्लेख आहे. ज्याने तेरची आजची शांत आळी पाहिली आहे, त्यास पेठ उठून गेलेले गाव म्हणजे काय हे परक्या वाटाड्याने समजावून द्यावयास नको. परंतु आमच्या वाचनात आलेल्या वर्णनांत माहितीपत्रकातला इतिहास असतो, तेर नसते. नाताळच्या बाजारातील दिव्यांवर पान-पान खर्ची पडते. पण मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावी खंडोबाच्या जत्रेत घोडे, गाढवे, उंट ह्यांचा बाजार भरतो, त्याची आठवण कोणास होत नाही. आणि लगेच येते ती वेळ अमावास्या, आमच्याकडची येळवस. शेतातली कडब्याची कोपी, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे ह्यांविना ज्यांची ही अमावास्या आयुष्यात कधी गेली नाही, त्यांना ती त्या ओल्या थंडीच्या गावी चौथ्या मजल्यावर कशी गेली? ह्यावर कोणी एक पान लिहिले तर घंटाघराची दहा पाने आम्ही आनंदाने सोडून देऊ.

दुसरे वैगुण्य ह्याहून खोल आहे. प्रवास दोघांचा असतो, वर्णन मात्र एकाचे. लेखक 'आम्ही' असे लिहितो खरे, पण पाहतो एकटाच. पत्नी पुस्तकात येते ती थंडी वाजण्यापुरती, दुकानात रेंगाळण्यापुरती आणि चहावाचून तळमळण्यापुरती. ह्याचा थोडासा दोष, नाइलाजाने, 'अपूर्वाई'च्या लोकप्रियतेकडे जातो. 1960 साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या प्रवासवर्णनाने दांपत्याच्या प्रवासास मराठीत एक प्रसन्न सूर दिला. पु. ल. देशपांड्यांच्या विनोदाचे पहिले लक्ष्य ते स्वतः असतात. अनुकरण करणाऱ्यांनी विनोद तेवढा उचलला आणि लक्ष्य बदलले. पुढे 1990 मध्ये सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले. ते प्रवासवर्णन नव्हे, परंतु त्या सहप्रवासिनीपाशी किती तीक्ष्ण दृष्टी व किती स्वतंत्र निवाडा होता, हे त्याने दाखवून दिले. ते वाचल्यानंतर 'अपूर्वाई' पुन्हा हाती घेताना, शेजारच्या आसनावरून काय दिसले असेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

आणि स्त्रीने प्रवास लिहिणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरील आपल्या 1889 च्या ग्रंथात तेथील घरसंसार आणि स्त्रियांची स्थिती ह्यांस मोठे स्थान दिले. हे वळण इतक्या आरंभीच पडले असता आम्ही ते सोडून पायऱ्या मोजीत बसलो. परक्या घरातली उष्णतेची नळी, तिच्यावर वाळत घातलेले कपडे, सामानातून नेलेले ज्वारीचे पीठ संपत आल्यावर भाकरीचा घटत गेलेला आकार, शेजारच्या वृद्धेशी भाषेवाचून जमलेली ओळख, नोकरीवरून अंधारात परतणाऱ्या लेकीचा चेहरा — हिवाळ्यातले लहान शहर ते हेच. ह्यांतील पुष्कळसे जिच्या नजरेस पडते तिची वही कोणी मागत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढल्या वर्षी लेखाचे निमंत्रण धाडताना पाकिटावर दोघांचीही नावे घालावीत.