पुरू काय म्हणाला असता?

विशीत साताऱ्याच्या होस्टेलवर ‘ययाति’ वाचली, तेव्हा ती भोगाची गोष्ट वाटली. पंचेचाळिशीत सातारा-सांगली एसटीत पुन्हा उघडली, तर ती काळाला घाबरलेल्या माणसाची निघाली. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ साली आली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. बापाचं म्हातारपण अंगावर घेणाऱ्या पुरूला मात्र स्वतःचं निवेदन नाही. मला ही कादंबरीतली मोठी उणीव वाटते. विशीत असाल तर ती पुरूच्या बाजूनं वाचून बघा.

सांगली स्टँडवर उतरताना मुलगा म्हणाला, “बाबा, बॅग द्या इकडं.” मी लगेच दिली.